निळी पडलेली पट्टी

भोंगवलीच्या सारिकाचं घर कायम लख्ख असायचं. अंगणात काडी दिसायची नाही, कपड्याला जरा वास आला तरी तो पुन्हा पाण्यात. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं, तेव्हा सासू फुलाबाई म्हणाल्या, आत काहीतरी घाण राहिली असणार. ते सारिकाच्या मनात रुतून बसलं.

दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात अंगावरून पांढरं जायला लागलं, त्याला वासही यायचा. नवरा अभिषेक टेम्पो चालवायचा, घरी यायचा तोच दमून. त्याच्याजवळ हा विषय काढायची तिला लाज वाटली. फुलाबाईंनी तुरटीचं पाणी सांगितलं. सारिका त्या पाण्यानं आतपर्यंत धुवायची, वर साबण. वास जाईना, तशी ती जास्तच धुवायला लागली.

भोरला तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर शैलजा यांनी कागदाची लहानशी पट्टी लावून पाहिली. पिवळी राहायची ती निळसर पडली. त्यांनी समजावलं, की तिथले चांगले जंतू आंबटपणा धरून ठेवतात आणि त्यामुळं वाईट जंतूंना वाव मिळत नाही. सारिकाचा तो आंबटपणा गेला होता, आणि अशानं कधी कधी कळा फार लवकर सुरू होतात. आतून धुणं बंद करायला सांगून त्यांनी गोळ्या दिल्या.

"मग म्या धुतलं ते..." सारिका म्हणाली.

गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. पुढच्या वेळी पट्टी पिवळीच राहिली. त्या दिवशी तिनं अभिषेकला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, आधी का सांगितलं नाहीस एवढंच म्हणाला.

सातवा लागला आणि पाणी गेलं. अभिषेकनं तिला टेम्पोतच पुण्याला नेलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. दोन दिवस काचेच्या पेटीत होती, मग गेली.

सारिका पुन्हा भोरला गेली ती एकच गोष्ट विचारायला. "म्या धुतलं म्हणून गेली का ओ ती?"

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टी चांगली आली तरी असं होतं कधी कधी. यात तुमचा दोष नाही."

सारिकानं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

फुलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी बी तेच केलं. आमची जगली न्हाईत व्हय?" अभिषेक वर्षभरानं पुन्हा बघू म्हणतो, तेव्हा ती उठून अंगण झाडायला घेते.

यंदा शेजारच्या छायाला दिवस गेले. सारिकानं तिला नळावर गाठून हळू आवाजात सगळं सांगितलं, एकदा भोरला दाखवून ये म्हणाली. छायानं मान हलवली आणि हंडा अर्धाच भरलेला उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून छायाची सासूच पाण्याला यायला लागली, आणि सारिका दिसली की हंडा घेऊन बाजूला सरकायची.