चावीवाले काका आणि सतरा व्हॉल्व्ह

खाण बंद पडली तेव्हा कंपनीच्या वसाहतीत सहाशे घरं नांदती होती. दोन वर्षांत उरली नऊ. शाळेला कुलूप लागलं, दवाखान्याच्या खिडक्या कुणीतरी चौकटीसकट उचलून नेल्या. चावीवाले काका मात्र जागचे हलले नाहीत. कंपनीच्या नोकरीत तीस वर्षं खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली पाणी सोडलेला माणूस तो.

"बाबा, आता कुणासाठी थांबलात?" मुलगी फोनवर करवादली.

"नऊ घरांना तहान लागत नाही होय गं?"

"यांचं पहिलं लग्न त्या चावीशी लागलंय," काकू मागून ओरडल्या. "मी आपली नंतरची!"

एका सकाळी जीप आली. शेजारच्या शहराच्या पाणीखात्यातली तरुण इंजिनिअर उतरली. उपसा थांबल्यापासून खाण पाण्यानं काठोकाठ भरली होती, आणि शहराचे नळ तर कोरडे पडलेले. ते पाणी शुद्ध करून जुन्या पाइपांतून न्यायचं ठरलं होतं. पण व्हॉल्व्ह जमिनीत गाडलेले आणि कंपनीचे नकाशे गहाळ.

"नकाशा इथे आहे," काका कपाळावर बोट ठेवून म्हणाले.

"थोडा उंदरांनी कुरतडलाय," काकूंनी पुस्ती जोडली.

काकांनी पोस्टासमोरच्या गवतात टाच रोवली. "खणा!" दोन फूट झाले, तीन झाले, नुसती माती. जीपमधून आलेले मजूर एकमेकांकडे बघून हसू दाबायला लागले. काकांचे कान लाल झाले. मग त्यांनी पोस्टाकडे नीट निरखून पाहिलं.

"अरे, पायऱ्या कुठे गेल्या? मी पावलं पायऱ्यांपासून मोजायचो, भिंतीपासून नाही!"

ते चार पावलं पुढे सरकले. यावेळी पहार टण्णकन वाजली, तशी इंजिनिअरबाईंनी चक्क टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सतरापैकी सोळा व्हॉल्व्ह सापडले. सतराव्याचं नाव काढलं की काका विषय बदलत. शेवटी हळूच म्हणाले, "तो हिच्या टोमॅटोखाली आहे."

काकू कमरेवर हात ठेवून वाफ्यात उभ्या राहिल्या. अर्धा तास घासाघीस झाली. वाफ्याला वेगळा नळ मिळेल, असा शब्द इंजिनिअरबाईंनी दिला, तेव्हा कुठे त्या बाजूला झाल्या.

पावसाळ्याआधी शहरात पाणी पोचलं. काका आता तिकडच्या दोन नव्या कामगारांना काम शिकवतात, आणि दुपारच्या जेवणाला त्यांना हटकून घरी आणतात. काकू कुरकुरतात खऱ्या, पण कणीक सकाळीच जास्तीची मळून ठेवतात.