खालांची शांतता

मी सातवीतून शाळा सोडली. झोप न येण्याचेही प्रकार असतात हे मला पंचविशी उलटल्यावर, कंपनीच्या डॉक्टरांकडून कळलं. तोवर मला वाटायचं, माणसाला झोप येते, नाहीतर येत नाही.

नांदेडकडून मोहोपाड्याला आलो तो एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून. आठवडा फर्स्ट शिफ्ट, आठवडा सेकंड, आठवडा थर्ड, म्हणजे रातपाळी. थर्डला सकाळी सुटायचं आणि दिवसा झोपायचं. खोली मिळाली ती एका मुसलमान बाईंच्या घरामागची. सगळी आळी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणू लागलो. पहिल्याच थर्डला माझे लाल डोळे बघून त्यांनी घराला कायदा लावला. दुपारी दोनपर्यंत कुकर नाही, मिक्सर नाही. नातवाची सायकल रस्त्यापलीकडे. भाकऱ्या थापायच्या त्या शेजारणीकडे. कोंबडी ओरडली तर तिलाही म्हणायच्या, "गप गं, पोरगं कामावरून आलंय."

आईबापानंतर माझ्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं. आणि म्हणूनच मला झोप येईना. पडलो की कान टवकारायचे. कुणी दबक्या पावलांनी गेलं की वाटायचं, हे माझ्यापायी. खाला परात घेऊन उन्हातून निघाल्या असतील आणि आपण पंख्याकडे बघत पडलोय, निदान झोपावं तरी! असं मनाला बजावलं की उरलीसुरली गुंगीही जायची.

दुपारी बाहेर आलो की त्या विचारायच्या, "निजलास का रं?"

"मस्त, खाला."

खरं सांगितलं तर आणखी काय काय बंद करतील, याची मला भीती.

तिसऱ्या की चौथ्या थर्डला मी कंपनीत टाकीच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायला बसल्या बसल्या पेंगलो. सुपरवायझरनी खांदा हलवला. काटा जागेवर होता, माझं नशीब. "पुन्हा दिसलास तर गावाकडची गाडी धर," म्हणाले, आणि डॉक्टरांकडे पाठवलं.

मला वाटलं, डॉक्टर गोळी देतील. त्यांनी प्रश्नच विचारले.

"पडल्यावर लागत नाही, की लागून मधेच मोडते, की फार लवकर जाग येते?"

"लागतच नाही."

"कामावर येता-जाता टेंपोत?"

"बसलो की लगेच."

"कँटीनच्या बाकावर?"

"तिथं घोरतो म्हणतात पोरं."

"आणि खोलीवर आवाज फार असेल."

"खोलीवर मसणवट्यासारखं शांत असतं, साहेब."

डॉक्टर हसले. म्हणाले, "थर्डची झोप शरीराच्या घड्याळाच्या उलटी, ती तशीही कच्चीच, तो एक प्रकार. पण तुला दुसराही जडलाय. झोपेची इतकी धास्ती घेतलीस की खाट दिसली की मन जागं होतं. डोळे जड झाल्याशिवाय पडू नको. नाहीच लागली तर तळमळत राहू नको, उठून बस. खिडकीला जाड पडदा लाव. आणि घरमालकिणीला खरं सांग."

पडदा त्याच दिवशी लावला. सांगायला दोन दिवस लागले. खाला पायरीवर तांदूळ निवडत होत्या.

"खाला, मला झोप लागत नाही. तुम्ही सगळं गप्प करता ना, त्यानं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे मी ह्या गुडघ्यांनी परात घेऊन शेजारी जाते, नि तू आत टकामका बघत पडतोस?"

"हौ."

"नि मला रोज सांगतोस, मस्त?"

"हौ."

"अरं मेल्या! सगळ्या आळीला सांगत फिरले मी, आमचा भाडेकरू बघा कसा तान्ह्या पोरासारखा निजतो." मग नातवाला हाक मारली, "आण रं ती सायकल! आमाला काय गप बसायची हौस नाय."

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर मिक्सर फिरत होता, सायकल अंगणात गोल गोल. मी पायरीवर बसलो. चहा मागितला तर म्हणाल्या, "निजायचंय ना? मग चहा नाय." नातवावर त्यांचं ओरडणं चाललं होतं, ते ऐकता ऐकताच डोळे जड झाले. आत जाऊन पडलो तो थेट दोनला उठलो. त्या रात्री काट्यासमोर मी टक्क जागा होतो, आणि नोकरी अजून आहे.

प्रत्येक थर्डला लागते असं नाही. नाही लागली की आता बाहेर येऊन सरळ सांगतो, "खाला, आज काही जमत नाही." मग त्या मला लसूण सोलायला बसवतात.