भिमाबाईंची खानावळ नकाशावर येते

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यांमागे भिमाबाईंची खानावळ आहे. धरणगावहून नवऱ्यासोबत आलेल्या या बाईने तो गेल्यावर चूल मांडली, त्याला अकरा वर्षं झाली. पाळी सुटली की खान्देशातले कामगार शेवभाजी-भाकरीला यायचे. बाहेरचं कुणी फिरकत नसे.

"मावशी, तुमची वेबसाइट करू," रोज जेवायला येणारा नाशिकचा इंजिनीअर चिन्मय म्हणाला. तीन रविवार खपून त्याने ती केली. वर भिमाबाईंचा हसरा फोटो, खाली त्यांना येणाऱ्या झाडून सगळ्या पदार्थांची यादी. महिन्याभरात साइट सत्तर वेळा उघडली गेली. त्यातल्या निम्म्या वेळा खुद्द भिमाबाईंनीच उघडली होती.

"ज्याला तुमचं नाव ठाऊक तोच साइट शोधेल ना," शेजारच्या सूतगिरणीतली कावेरी म्हणाली. "नवखा माणूस मोबाइलवर नुसतं 'जवळचं जेवण' टाकतो. तिथे आपण आहोतच कुठे?"

तिने नकाशावर खानावळीची नोंद केली, वेळा टाकल्या, वांग्याच्या भरताचे फोटो चढवले. जेवून हात धुणाऱ्या प्रत्येकाला गाठून चार ओळींचा अभिप्राय लिहायला लावला.

दुसऱ्या रविवारी दारात वापीची गाडी थांबली. मागे दुसरी, मग तिसरी. बाकं भरली, लोक पायरीवर बसले. भरीत संपलं तशी कावेरी वांग्यांसाठी बाजारात पळाली आणि चिन्मय भाकऱ्या वाढू लागला. भिमाबाईंना हसू आवरेना. थापता थापता त्या ज्याला त्याला विचारत होत्या, "माले कसं शोधलं रे भाऊ?" जो तो मोबाइलवरचा नकाशा दाखवी.

चिन्मय जरा हिरमुसला होता. तेवढ्यात खडोलीच्या एका कारखान्यातल्या विद्या मॅडम पुढे आल्या.

"नकाशावर सापडलात, मग साइट उघडून सगळी यादी वाचली. त्यात मांडे दिसले. मंगळवारी पन्नास माणसांना कराल?"

भिमाबाईंचे हात थांबले. सिल्वासात आजवर कुणी त्यांच्याकडे मांडे मागितलेच नव्हते. "करते की," त्या म्हणाल्या आणि लगेच भावाला फोन लावला, गावाकडून मांडे भाजायचं मातीचं खापर पाठव म्हणून.

मंगळवारी कारखान्याच्या अंगणात चूल पेटली. भिमाबाईंनी पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवला आणि अलगद उपड्या खापरावर सोडला. पन्नास माणसं जेवण विसरून भोवती उभी होती. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. भिमाबाई लाजल्या, आणि दुसरा गोळा त्यांनी आणखी उंच झुलवला.