भोंगा व्हायच्या आत

राजूरजवळच्या आमच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत मला नावानं हाक मारणारी माणसं फार थोडी. बाकी सगळ्यांचा मी ‘रनरअप’. क्लबच्या स्नूकर स्पर्धेत दरवर्षी फायनल गाठायची आणि दरवर्षी उस्तादांकडून हरायचं, त्याची ही कमाई. भाजीवालीसुद्धा म्हणायची, ‘रनरअप भाऊ, वांगे पाहा कसे कवळे हायेत.’ बायकोला हसू यायचं आणि मला राग.

उस्ताद खाणीत सुरुंग उडवायच्या कामावर. फायनल दुपारच्या जेवणानंतर असायची आणि थोड्या वेळानं सुरुंगाचा भोंगा व्हायचा. उस्ताद तेवढ्यापुरती परवानगी काढून यायचे, हेल्मेट खुर्चीवर ठेवायचे आणि बस सुटत असल्यासारखे टेबलाभोवती फिरायचे. विचार नाही, काठीला खडू घासत बसणं नाही. वाकले, मारला, पुढचा. मला उठायची वेळ यायची ती थेट हात मिळवायलाच. मग मिळालेला कप माझ्या हातात देऊन, ‘धर जरासा, येतोच मी,’ म्हणत ते ड्युटीवर पळायचे. लांबून धमाका व्हायचा, क्लबच्या खिडक्या थरथरायच्या आणि मी दुसऱ्याचा कप छातीशी धरून उभा.

यंदा उस्ताद रिटायर झाले, नोकरीतून आणि स्पर्धेतूनही. ‘आता तुमी खेळा, मी पंच होतो,’ म्हणाले. मी तोंडदेखलं वाईट वाटून घेतलं आणि घरी येऊन शोकेसमधल्या बाहुल्या सरकवून कपापुरती जागा केली. ते रनरअपपण एकदाचं धुऊन काढायचं होतं.

फायनलला समोर आल्या दवाखान्यातल्या सिस्टर. इंजेक्शन देतात तशाच शांतपणे खेळतात. आमचा दोघांचा खेळ असा काही रेंगाळला की प्रेक्षक चहा पिऊन आले तरी काळा चेंडू टेबलावरच. तो एकच उरला होता, कोपऱ्यातल्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी. जो घालेल त्याचा कप. पाळी माझी. फुंकर मारली असती तरी पडला असता.

पण हाही चुकला तर, असं नेमकं तेव्हाच मनात आलं. मग मला क्लबचा जुना नियम आठवला. भोंगा झाला की टेबलाला हात लावायचा नाही. धमाक्याच्या हादऱ्यानं चेंडू हलला तर तो जिथे थांबेल तिथून खेळ पुढे, आणि पडला तर ज्याची पाळी त्याचा. उस्तादांच्या काळात फायनलला हा नियम कधी लागलाच नव्हता. मी खडू घेतला आणि काठीला घासत बसलो.

‘मार ना बे, काहून थांबला?’ उस्तादांनी विचारलं.

‘खडू लावून राह्यलो.’

‘खडू लावून राह्यला का मुहूर्त पाहून राह्यला?’

भोंगा झाला. उस्ताद ताडकन उठले. त्यांचा हात सवयीनं खुर्चीकडे गेला. तिथे हेल्मेट नव्हतं. ते परत बसले. मला फार वाईट वाटलं, या वेळी खरोखरचं. पण डोळे मात्र काळ्यावरच होते.

धमाका झाला. काळा हलला आणि पॉकेटकडे पाठ करून वीतभर मागे आला. मग मी मारला तो चुकला, आणि सिस्टरनी काही गाजावाजा न करता घातला. टाळ्या झाल्या. कप घेऊन त्या माझ्याकडेच आल्या. ‘भाऊ, धरा जरासा. ड्रेसिंगचा पेशंट बसून हाय.’

संध्याकाळी सगळे गेल्यावर उस्ताद म्हणाले, ‘चाल, एक गेम होऊन जाऊ दे. आता मले कायची घाई?’

उस्ताद पहिल्यांदाच सावकाश खेळले. एकेक चेंडू चारी बाजूंनी पाहिला, खडू लावला, पुसला, पुन्हा लावला. आणि चुकले. पुन्हा चुकले. इतकी वर्षं ज्या माणसाला हरवायची स्वप्नं पाहिली त्याला मी सरळ हरवलं, आणि आनंद काही झाला नाही.

उस्ताद काठीकडे पाहत राहिले. ‘भोंगा पाठीशी नसला तं मले खेळताच येत नाही लेका,’ म्हणाले. ‘कोणाले सांगू नको.’

मी कोणाला सांगितलं नाही. इथंही कोणाचं नाव घेतलेलं नाही, तेव्हा शब्द मोडला असं म्हणता यायचं नाही. घरी बायकोनं न विचारता बाहुल्या पुन्हा पसरून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं फाटकातून हाक मारली, ‘ओ रनरअप भाऊ!’

मी ओ दिली.