कच्चा घाणा

माझा मामा टायरच्या कारखान्यात रबर मळतो. म्हणजे मिक्सरच्या तोंडाशी उभा राहून आत काय आणि कधी सोडायचं ते बघतो. पूर्वी सगळी काजळीच असायची, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव काजळमामा. आता काजळीऐवजी पांढरी पूड आली. तिने टायर हलका पळतो, इंधन वाचतं, झीजही कमी होते. पण पूड आपणहून रबराला धरत नाही. सोबत उग्र वासाचं एक औषध घालायचं आणि गरमागरम मळत राहायचं, धीराने. घाई केली की घाणा कच्चा.

हे मला मामानेच शिकवलं, म्हणून तर जास्त किळस येते.

तपासणीला टायर पाठवायचे होते तेव्हा मिक्सरवर मामालाच उभं केलं. त्याच्या हाताला तोड नाही, हे मी आजही नाकारत नाही. टायर पास झाले, मामा मुकादम झाला. मग रोजचं काम सुरू झालं. जितके घाणे जास्त तितकी पाळीची वाहवा, त्यामुळे मिक्सरचं दार लवकर उघडायला लागलं. मुकादम तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

माझी शाळेच्या मुलांची व्हॅन आहे. नवे टायर घ्यायला मामाला सोबत नेलं. दुकानात त्याचे साहेबही होते. हेच घेऊ का, मी विचारलं.

"डोळे मिटून घे. माझ्या हातचे आहेत."

वर्षाच्या आत रबराचे लचके निघायला लागले. आज वळणावर ब्रेक दाबला तर व्हॅन घसरत थेट गटारापर्यंत गेली. मुलं रडली, एक मुलगी तर माझ्या अंगावरच ओकली. कुणाला लागलं नाही एवढंच नशीब.

मुलांना घरी सोडून तशीच मामाकडे गेले. त्याच्या गाडीचे टायर त्याच कंपनीचे, पण नव्यासारखे. तपासणीच्या घाण्यातले उरलेले. त्याने लपवलंही नाही. तुला तेव्हा माहीत होतं का, मी विचारलं.

"साहेब समोर होते गं," तो म्हणाला, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. जनाची नाही, मनाची तरी? मला थुंकावंसं वाटलं.

मग म्हणाला, माझी चाकं घेऊन जा, माप एकच आहे. नको म्हणायला हवं होतं, पण उद्या मुलांना न्यायचं होतं. मी घेतली. त्याने स्वतः जॅक लावला, नट आवळले, आणि टायरवरून कौतुकाने हात फिरवला.

"तुझी इथेच राहू दे. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. तोही शाळेची व्हॅनच चालवतो."

मी मामीकडे सुरी मागितली. कशाला, ते तिने विचारलं नाही. हवा सोडून मी माझ्या काढलेल्या टायरच्या कडा फाडायला लागले. मामा ओरडत असेल, मला ऐकू आलं नाही. चौथ्या टायरला सुरी बोथट झाली, तेव्हा मामी खाली बसली आणि तिने तो टायर माझ्यासाठी दोन्ही हातांनी घट्ट धरला.