गोरं तेल

रघुकाकांमुळे मी चालवतो त्या मालकाच्या गाडीचं इंजिन वाचलं आणि माझी नोकरीही. काकांचं इथं इंदूरला गॅरेज आहे. तेल बदलायची वेळ झाली होती, पण तेल मोजायच्या काडीवरचा थेंब मधासारखा पिवळा दिसला, म्हणून मी म्हणालो, "राहू द्या काका, अजून चालेल."

"रंग बघून लग्न ठरवतोस काय रे?" काका हसले. "हे छोटं पेट्रोलचं टर्बो इंजिन, आत फार तापतं. तेल गोरं दिसतं, पण त्यातला जीव गेलेला असतो."

मला गावाकडची माझ्या वडिलांची, अण्णांची, सीटवर भाडं घेऊन प्रवासी नेणारी वडापची जीप आठवली. मोठं, संथ डिझेल इंजिन. तिचं तेल चार दिवसांत काळंकुट्ट व्हायचं, तरी काजळी पोटात घेऊन काम करत राहायचं. शाळा सोडून मी त्या जीपमध्येच अण्णांशेजारी बसलो, तेव्हा काळं म्हणजे खराब एवढंच शिकलो होतो.

घरी फोनवर मी रोज "मजेत आहे" म्हणतो. आईअण्णांना ते खरं वाटतं. तेल ओतता ओतता काकांनी मात्र विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?"

काका, एक दिवस तुम्हाला गावी नेईन, आईच्या हातचं जेवू घालीन. तेवढं तरी फेडू द्या.