शीतलचं ॲप आणि माझी पाळी

माझी पाळी गेल्याची बातमी पंचाहत्तराव्या वर्षी गावातल्या चाळीस घरांत एकदम पोचली.

त्याला कारण माझी नात शीतल. पुण्याच्या कंपनीत ती ॲप बनवते. आमच्या पाणी संस्थेसाठीही तिनं एक केलं. कुणाच्या उसाला कधी पाणी, ते त्यात ठरणार.

"ह्याचं माहितीपुस्तक कुठाय?" मी विचारलं.

"आजी, पुस्तक लागलं तर ॲप वाईट! स्क्रीनच सगळं सांगते. तू चौथी शिकलीस ना? तुला जमलं, की अख्ख्या गावाला जमलं!"

(हा मान होता की अपमान, ते अजून ठरलेलं नाही.)

शीतल पुण्याला गेली आणि आमच्या पाण्याचा दिवस आला. उसाची पानं वळायला लागली होती. आज चुकलं तर पुढचे वीस दिवस कोरडे! मुलगा-सून सांगलीला लग्नाला गेलेले. मी चष्मा लावून ॲप उघडलं.

त्यानं आधी नाव विचारलं. मग वय. मग 'स्त्री की पुरुष'. आणि लगेच, 'आपली पाळी?' खाली दोन बटणं: 'आहे' आणि 'गेली'.

फारच चौकशा करतंय मेलं! पण या वयात खोटं कशाला बोला? मी 'गेली' दाबलं. 'धन्यवाद' आलं. वळण तरी चांगलं लावलंय, म्हटलं.

तेवढ्यात चाळीस फोन वाजले: 'इंदुबाई यांची पाळी गेली आहे. पुढील सभासदाने लाभ घ्यावा.'

धाकट्या जावेचा फोन आला. "आक्का, आत्ता गेली व्हय तुमची? लय टिकली की!"

"दात काय काढतीस?"

"आवं, तुमचं पाणी शेजारच्या वसंतानं त्याच्या रानात घेतलं!"

मी तशीच रानात धावले. बांधावरूनच ओरडले, "वसंता, माझी पाळी गेलेली न्हाई!"

भांगलणाऱ्या चार बायकांच्या हातातली खुरपी खाली पडली.

"काकू, हळू! सगळं पाणी घ्या, पर त्यो विषय नगं!" म्हणत वसंतानं व्हॉल्व्ह आमच्याकडं फिरवला. ऊस भिजला.

शीतलला फोनवर झाडलं. तिनं ॲपमधला तो शब्दच बदलला. "आता कुणी चुकूच शकत नाही, आजी!"

खरंच सोपं केलं होतं. एकच प्रश्न: 'आपला नंबर?' मी मोबाईलचे दहाच्या दहा आकडे बिनचूक टाकले.

आता रांगेत माझ्या पुढची नऊशे कोटी माणसं उरकली, की आमच्याच उसाला पाणी!